पोटात ठेवलेलं

गिऱ्हाइकानं बांगडा उचलला, अंगठ्यानं कल्ला उघडून आत बघितलं आणि विचारलं, "ताजो आसा मा गो?" आणि गोदूबाईच्या तोंडून निघून गेलं, "नाय. शिळो."

गिऱ्हाईक हसलं. मग हसायचं थांबून तिच्याकडे बघू लागलं. मालवणच्या बाजारात गोदूबाईनं आपल्याच पाटीतल्या मासळीला शिळं म्हणावं, असं कधी झालं नव्हतं. आणि ती मासळी तर सकाळीच रापणीच्या जाळ्यातून आलेली, शेजारी बसलेल्या राधाबाईनं आणि तिनं मिळून घेतलेली. "कल्लो लालभडक आसा तो, आणि शिळो?" गिऱ्हाईक म्हणालं. राधाबाई मध्ये पडली, "मस्करी करता ती, घेवा तुमी," म्हणत तिनं बांगडे पानात बांधून दिले. गोदूबाई मात्र पाटीत बघत राहिली होती. बांगड्यांची पोटं, जी तिनं जन्मभर चांदीसारखी पाहिली होती, ती पिवळी होती. जुन्या तुपासारखी पिवळी. तिनं डोळे पुसले. पुसलेल्या पदराचा पांढरा काठही पिवळा होता. राधाबाईचे दात, समोरच्या दुकानाची चुन्याची भिंत, भिंतीवरचं आभाळ, सगळ्यावर कुणीतरी पातळ हळद फिरवली होती. पोटातून कळ नव्हे, पण एक लाट उठून गळ्यापर्यंत आली, आणि ज्या वासात ती वाढली, ज्याच्यावर जगली, त्या मासळीच्या वासानं तिला उमासा आला. उजव्या हाताची पट्टी तोंडावर दाबून ती उठली. आठवड्यामागे शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसून हात कोपरापर्यंत सुजला होता, त्याची ती पट्टी. हाताची सूज उतरत आली होती. हात बरा होत होता, आणि ती मरत होती. हे तिला तिथं, पाट्यांच्या मधल्या ओल्या वाटेत उभं राहून, अगदी स्वच्छ वाटलं.

मथुरा तिला डॉक्टर नेरूरकरांकडे घेऊन गेली. मथुरा तिची जाऊ, धाकट्या दिराची बायको. दोघींचे नवरे, गुणाजी आणि लवू, एकाच होडीतून गेले आणि परत आले नाहीत, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. पोर दोघींनाही नव्हतं. तेव्हापासून एका चुलीवर दोघी. गोदूबाई बाजारात बसायची, मथुरा घर बघायची, मासळी सुकवायची, आणि दोन वर्षांमागे गोदूबाईचे पाय सुजून तिला चार पावलांत धाप लागू लागली तेव्हापासून तिच्या गोळ्याही मथुराच बघायची. हृदयाच्या गोळ्या त्या, बारीक, पांढऱ्या. दुसऱ्या माणसाला एक पुरते, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गोदूबाईला एकीनं काही होईना, पाय उतरेनात. मग त्यांनी थोडी थोडी वाढवत नेली, आणि दुसरा कुणी घेता तर झेपली नसती इतकी झाली तेव्हा कुठं पायांची हाडं दिसू लागली. सकाळची पेज झाली की मथुरा डबा काढायची. "आ कर." गोदूबाई आ करायची. मथुराच्या बोटांना कोकमाचा आणि खाऱ्या मासळीचा वास असायचा. गोळी जिभेवर, वर पाण्याचा घोट. आपण काय गिळतो हे गोदूबाईनं कधी बघितलं नव्हतं. आईचं दूध पिणारं पोर बघतं का?

डॉक्टरांनी मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. एरवी ते मालवणीतच बोलत, तिला 'गो गोदूबाय' म्हणत. पण ते गंभीर झाले की पुस्तकातलं मराठी बोलू लागत आणि समोरचं माणूस 'तुम्ही' होऊन जाई. "पिवळं कधीपासून दिसतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मग मथुराकडे न बघता, "त्यांना जरा बाहेर बसू द्या." मथुरा बाहेर गेली. अर्ध्या पडद्याखालून बाकावर बसलेल्या तिची पावलं तेवढी दिसत राहिली.

"गोळ्या कोण देतं तुम्हाला?"

"जाव देता."

"मोजून?"

"माका काय म्हायत? ती देता, मी गिळतंय."

डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले, "ही गोळी अंगात जास्त झाली की माणसाला पिवळं दिसतं, पोट ढवळतं, नाडी अडखळते. तुमचं तेच झालंय. ठरलेला डोस तुम्ही दोन वर्षं घेताय, तेवढ्यानं काही झालं नाही. म्हणजे जास्त गेली. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर हृदय थांबलं असतं." जरा थांबून, "चुकूनही होतं असं. पण आता गोळ्या बंद, आणि पुढं स्वतःच्या हातानं घ्यायच्या," असं म्हणाले. 'चुकूनही' हा शब्द त्यांनी बोलण्याच्या शेवटी, उरलेली पुडी बांधून द्यावी तसा दिला. गोदूबाईनं तो घेतला नाही. ती पडद्याखालच्या पावलांकडे बघत होती. पावलं हलत नव्हती. निर्दोष माणसाची पावलं इतकी स्थिर राहतील का, असं तिला वाटलं, आणि मग, दोषी माणसाची तरी राहतील का?

घरापर्यंतची वाट मथुरानं तिचा दंड धरून काटली. "काय म्हणाले गो दाक्तर?" तिनं विचारलं, दोनदा विचारलं. दंडावरचा हात जड होता. हाच हात. माडांच्या सावल्या पिवळ्या होत्या, वाळू पिवळी होती, किल्ल्यापलीकडचा समुद्र कुजक्या लिंबासारखा होता, आणि त्या पिवळ्या पाण्यातून, जिथं तिनं कित्येक वर्षं डोकावून बघितलं नव्हतं तिथून, ती सकाळ वर आली. लवू कांबळं घेऊन पडला होता. अंगात कणकण होती. मथुरा विहिरीवर गेली होती. गुणाजी घरापुढच्या खळ्यात उभा राहून म्हणाला होता, असूंदे, मी एकटोच जातंय, वारोय बरो नाय, जवळच्या जवळ येतलंय. आणि गोदूबाई, तेव्हाची तरणी, तोंडाळ गोदूबाई, दारात उभी राहून दिराला म्हणाली होती, "मोठो भाव एकटो जाता, आणि तू बायलेच्या पदराखाली निजान ऱ्हव!" हसत म्हणाली होती. दिराशी भावजय बोलते तसं. लवू उठला. त्यानं वल्हं घेतलं. मथुरा घागर घेऊन परत आली तेव्हा होडी पाण्यात गेली होती, आणि गोदूबाईनं तिला सांगितलं, "आंग हलक्या झाला म्हणालो, गेलो." नंतर, जेव्हा होडीची एक फळी तेवढी देवबागेच्या वाळूच्या दांड्याला लागली, तेव्हा मथुरा ऊर बडवत हेच म्हणत होती, "तेका बरा वाटला म्हणान गेलो गो, बरा वाटला म्हणान," आणि गोदूबाई तिला पोटाशी धरून होती, आणि गप्प होती. त्या गप्प राहण्यावर पुढची वीस वर्षं उभी राहिली. रोजचा भात, रोजची पेज, एकमेकींच्या केसांना लावलेलं तेल, सगळं त्याच्यावर.

मग हिला कळलंय, असं गोदूबाईला वाटलं. वाटलं नाही, दिसलं. त्या दिवशी तिला सगळं दिसतच होतं. कुणी सांगितलं असेल? लवूनंच सांगितलं असेल. मेलेली माणसं सांगतात. हिनं पोटात ठेवलं, वीस वर्षं पोटात ठेवलं, आणि आपण आजारी पडून आपणहून तोंड उघडून हिच्यापुढे बसलो तेव्हा हिनं ते काढलं. 'आ कर' म्हणताना ती हसायची. त्या हसण्याचा अर्थ कळल्यावर गोदूबाईच्या अंगातली सगळी ऊब निघून गेली. मरणाचं तिला तितकं वाटलं नाही. पण ज्या बोटांवर आपण इतका जीव टाकला, ती बोटं सगळा वेळ दुसऱ्याच कुणाची होती, ह्याचं काय करायचं?

दुपारी मथुरानं पेजेची वाटी पुढे केली, आणि गोदूबाईनं ती उडवली. वाटी ओटीवर गडगडत गेली. शेजारची राधाबाई बाजारातून येऊन दारात उभीच होती.

"माका मारूक बघतंस! वीख देतंस माका!"

"काय बोलतंस, वयनी?"

"दाक्तरान सांगल्यान. जास्त गोळयो दिलंस तू. लवूक मी धाडलंय म्हणान! पदराखाली निजतंस म्हटलंय, म्हणान गेलो तो, म्हणान तू माका मारतंस!"

मथुरा वाटी उचलायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. "तू धाडलंस?" ती म्हणाली. एवढंच. मग तिनं सांडलेली पेज फडक्यानं पुसून घेतली, फडकं धुतलं, वाळत घातलं. सकाळी ती गेली. वेंगुर्ल्याला तिचा भाऊ होता, गणपत, त्याच्याकडे गेली.

गोळ्या बंद झाल्यावर पिवळेपणा उतरत गेला. एका सकाळी राधाबाईचे दात पांढरे दिसले आणि गोदूबाईला रडू आलं. पुढं डॉक्टरांनी पुन्हा गोळी सुरू केली, एकच, आणि ती गोदूबाई स्वतःच्या हातानं घेऊ लागली. घरात आवाज नव्हता. बाजारात मात्र होता. गोदूबाईनं कुणाला काही सांगितलं नाही, पण राधाबाईनं ऐकलं होतं, आणि बाजारात ऐकलेलं दुपारपर्यंत गावाचं होतं. 'वीख घालणारी' हे मथुराचं नाव पडलं. बायका गोदूबाईच्या पाटीशी थांबून हळहळत, आपल्या जावांच्या, सुनांच्या गोष्टी सांगत. तिलाही ते बरं वाटे. तिला कुणीतरी दगा दिला होता, आणि दगा दिलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. रात्री गुणाजी स्वप्नात येत असे तो आता यायचा थांबला. वीस वर्षांचं काहीतरी फिटलं, बरोबरी झाली, असं तिला आतल्या आत वाटत होतं, आणि त्या वाटण्याची तिला लाज नव्हती. मग पावसाळ्याच्या तोंडाशी पाय परत सुजले. एका गोळीनं भागेना. डॉक्टरांनी दीड केली, दोन केल्या, आणि करत करत जुन्या मापावर आले. नाडी धरून ते तिच्याकडे असे बघत राहिले की जणू तिनंच त्यांना काही फसवलं होतं. "गंमत आसा," एवढं ते स्वतःशी म्हणाले.

पाऊस सरल्यावर त्यांनी तिला बोलावणं धाडलं. दवाखान्यात नव्हे, घरी. त्यांच्या ओटीवर त्यांचे म्हातारे वडील खुर्चीत घोंगडी पांघरून बसले होते, डोळे मिटून. डॉक्टर आज मालवणीत बोलले, आणि तिच्या लक्षात आलं की आज ते डॉक्टर म्हणून बोलत नाहीत.

"गोदूबाय, बापाशीक माझ्या तीच गोळी आसा, तुका आसा ती. तेंकाय जास्तच लागता, तुज्यासारखी. छातीत कफ झालो, ताप इलो म्हणान मी तेंका कॅपसुली दिलंय. हाताक काटो लागलो तेवा तुका दिलंय त्याच. आणि परवा बाबा माका म्हणतत, भिंत पिवळी कित्याक रंगवलंस? गोळी तेंका मीच देतंय. माझ्या हातान. डब्याक दुसऱ्या कोणाचो हात लागणा नाय." ते थांबले. "आता मी कोणावर संशय घेव?"

गोदूबाईला काही कळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं, सावकाश, जमिनीवर बोटानं रेघा मारत. माणसाच्या आतड्यात जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे, अगणित. सगळेच वाईट नसतात. राहतात आपले, आपल्या अन्नावर जगतात. काहीजणांच्या पोटातले जंतू ही गोळीही खाऊन टाकत असावेत. म्हणून तुला एक पुरत नव्हती. आम्ही वाढवत गेलो, त्यातली काही तुला, काही त्यांना. हातासाठी कॅपसुली दिल्या त्या हातातले जंतू मारायला. त्यांनी पोटातलेही मारले. मग तीच गोळी, तेवढीच, सगळीच्या सगळी तुझ्या रक्तात गेली. पुढं जंतू परत वाढले, आणि गोळी पुन्हा पुरेनाशी झाली. "पुस्तकात नाय ह्या. माझी अटकळ आसा. मुंबयच्या माझ्या सरांका विचारलंय, ते म्हणाले, असू शकता."

"म्हणजे मथुरान..."

"ठरलेलीच दिल्यान. एकय जास्त नाय."

"आणि तुमी माका जास्त गेली म्हणान सांगलात."

डॉक्टर बोटानं मारलेल्या रेघा तळव्यानं पुसत राहिले. घोंगडीतल्या म्हाताऱ्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि परत मिटले. तिला डॉक्टरांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. किती सहज बसून सांगत होते हे, रेघा मारून. पण राग धरून ठेवायला जागा सापडेना. त्यांनी प्रश्न विचारले होते, 'चुकूनही' असंही म्हटलं होतं. बाकीचं सगळं तिचं तिनं केलं होतं. घराकडे चालताना तिनं पोटावर हात ठेवला. ह्याच्या आत, तिला न सांगता, कोण कोण राहत होतं. तिच्या ताटातलं खात होतं, तिच्यासाठी आलेलं विष स्वतः पीत होतं, आणि मेलं तेव्हाही कुणी येऊन सांगितलं नाही. आपलं म्हणून जे अंग आपण इतकी वर्षं वागवलं, त्यात आपलं असं काय होतं? आणि मग वाटेत, मिठाच्या गोदामाशी, तिला मथुराचा आवाज ऐकू आला. 'तू धाडलंस?' ती थांबली. त्या दिवशी हे शब्द तिला पकडल्या गेलेल्या माणसाचे वाटले होते. ते तसे नव्हते. तो प्रश्न होता. मथुराला काहीही माहीत नव्हतं. वीस वर्षांत कधीच नव्हतं. गोदूबाईनंच तिला सांगितलं, ओरडून, राधाबाईच्या देखत, हातातली पेज उडवून.

कुडाळला एसटी बदलून ती वेंगुर्ल्याला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. गणपतचं घर बंदराजवळ. मथुरा मागच्या आवारात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत बसली होती. वाळली होती. तिनं गोदूबाईला बघितलं, उठली, आणि सवयीनं पाण्याकडे वळली. पण गणपतची बायको चटकन पुढे झाली. "ऱ्हवांदे, मी देतंय," म्हणाली आणि तिनंच तांब्या भरून आणला. मथुरा जागच्या जागी थांबली, हात पदराला पुसले, परत बसली. ह्या घरात ती चुलीशी जात नव्हती. विषाची ती गोष्ट वेंगुर्ल्यापर्यंत आली होती, तिच्या आधी नाही तरी तिच्या पाठोपाठ. गोदूबाईनं तांब्या न पिताच खाली ठेवला.

तिनं सगळं सांगितलं. गणपतच्या बायकोला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं: डॉक्टर, त्यांचा बाप, कॅपसुली, पोटातले जंतू. तिला नीट सांगता येत नव्हतं, मध्ये मध्ये चुकत होतं. "तुजो काय एक गुन्हो नाय गो. मीच पापीण. चल घराक. मी बाजारात सगळ्यांका सांगतलंय, उभी ऱ्हवान सांगतलंय."

मथुरा ऐकत होती. जंतूंचं ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आपण गोळ्या जास्त दिल्या नाहीत हे तिला नव्यानं कळायचं नव्हतं.

"वयनी," ती म्हणाली, "तेच्या आंगात ताप होतो तेवा?"

गोदूबाईला वाटलं, खोटं बोलावं. शेवटचं, एकच. मथुराचे डोळे तिच्यावर होते.

"होतो."

"तेणी काय म्हटल्यान?"

"काय नाय. उठलो. वल्हां घेतल्यान."

"माका काय सांग म्हणालो?"

गोदूबाईनं खूप आठवून बघितलं. "नाय," ती म्हणाली. "विहिरीकडे एकदा बघल्यान."

मथुरानं मान हलवली. कावळे उतरले, तरी ती उठली नाही. मग म्हणाली, "वीख घातलंय असा लोक म्हणत होते, तेवा माका काय वाटला नाय. म्हटलंय, वयनीक बरा नाय, बरा झाला की न्हेवक येतली. तुज्याच वाटेक डोळे लावन होतंय. पण रोज रात्री ह्यांच इचारी होतंय, 'मी धाडलंय' ह्यां तिणां दुखण्याच्या भरात म्हटल्यान की खरा? ता खरा नसलां तर मी येयन." ती उठली. "गाडयेची येळ झाली. चल."

एसटीच्या थांब्यापर्यंत ती बरोबर आली. चढावर गोदूबाईला धाप लागली तेव्हा तिनं दंड धरला, तसाच, पूर्वीसारखा, आणि थांबून तिला दम घेऊ दिला. त्या धरण्यावरून गोदूबाईला वाटलं, ही गाडीत बसेल. खिडकीशी बसल्यावर तिनं थोडं सरकून जागाही केली. मथुरा खालीच उभी राहिली आणि कंडक्टरला म्हणाली, "ह्यांका कुडाळाक नीट उतरवा, मालवणची गाडी दाखवा. हृदयाचा दुखणां आसा."

"तुमची कोण ही?" तिकिटं फाडता फाडता कंडक्टरनं विचारलं.

मथुरानं गोदूबाईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर गोदूबाईनं तो पदर पसरून घेतला असता.

"कोण नाय," ती म्हणाली. "मालवणची आसत."

गाडी सुरू झाली. गोदूबाईनं खिडकीच्या दांड्याला गच्च धरलं. बाहेर रस्ता, माड, पाण्याचा तुकडा, सगळं जिथल्या तिथं, आपापल्या खऱ्या रंगात लख्ख दिसत होतं, आणि तिला डोळे मिटता येत नव्हते.